लक्ष्मणराव किर्लोस्कर : ड्रॉइंग मास्तर ते कारखानदार



शेतातल्या विहिरीवर बसवलेल्या पंपावर 'किर्लोस्कर' हे नाव तुम्ही नक्की वाचलेलं असेल. हे नाव आपल्याकडे इतकं रुळलंय की ते एका माणसाचं आडनाव आहे हे पटकन लक्षातच येत नाही. वर्गात विचारलं तर मुलं पंप, इंजिन, मोटार असं काहीतरी सांगतात. हे सगळं ज्यांच्यापासून सुरू झालं ते लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी शिक्षक होते, हे सांगितलं की मुलांना आश्चर्य वाटतं. खरं सांगायचं तर काही शिक्षकांनाही वाटतं!

आज आपण त्यांची माहिती पाहणार आहोत. पण पूर्ण चरित्र एकसारखं सांगत बसत नाही. त्यांनी नोकरी कशी सोडली आणि स्वतःचं छोटं दुकान कसं उभं केलं, त्यावर जरा जास्त थांबूया. कारण ही गोष्ट बहुतेक ठिकाणी दोन ओळींत उरकलेली असते आणि त्या दोन ओळींतून चुकीचा समज होतो.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. हे गाव आता कर्नाटकात आहे. 'संगीत सौभद्र' लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलानेही पुस्तकी विद्येत नाव काढावं अशी त्यांची साहजिक अपेक्षा होती. पण लक्ष्मणाचं मन शाळेच्या अभ्यासात रमेना. त्याला दोनच गोष्टी आवडत, एक म्हणजे चित्रं काढणं आणि दुसरी म्हणजे यंत्रं. असा एक तरी मुलगा तुमच्या वर्गात असेल बघा, वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढणारा आणि पेनाची स्प्रिंग काढून बघणारा.

१८८५ साली लक्ष्मणराव मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. वडिलांची इच्छा नव्हती. पैशाची मदत केली ती थोरले भाऊ रामूअण्णा यांनी. या रामूअण्णांना लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टीत ते आहेत, पण पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव फारसं येत नाही.

दोन वर्षं शिकल्यावर एक गोष्ट उघड झाली. लक्ष्मणरावांना काही रंगांतला फरक नीट कळत नव्हता. याला आपण रंगांधळेपणा म्हणतो. हा आजार नाही, तो जन्मापासून असतो आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये बराच जास्त आढळतो. (शिक्षकांसाठी जाता जाता सांगते, झाडाची पानं तपकिरी रंगवणाऱ्या मुलाला ओरडण्याआधी त्याला दोन-तीन रंगांचे खडू ओळखायला सांगून बघा.) विचार करा, घरच्यांचा विरोध पत्करून चित्रकार व्हायला आलेला अठरा वर्षांचा मुलगा आणि त्याला कळतं की आपल्याला रंगच पुरते दिसत नाहीत. रंगचित्रं बंद झाली.

पण यांत्रिक चित्रकलेला रंग लागत नाहीत. यंत्राचा एखादा भाग समोरून कसा दिसतो, वरून कसा दिसतो, बाजूने कसा दिसतो, त्याची मापं किती, हे पट्टी आणि कंपास घेऊन अचूक काढायचं असतं. ते चित्र वाचून कारागीर तो भाग तयार करतो. लक्ष्मणरावांनी ही विद्या चांगली आत्मसात केली आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये याच विषयाचे सहायक शिक्षक म्हणून ते लागले. म्हणजे आपण आज जिला व्हीजेटीआय म्हणतो तीच संस्था. तिची स्थापना १८८७ ची आणि त्या वेळी ती भायखळ्याला होती.

आता इथे नीट लक्ष द्या. शिकवण्याचे तास संपले की लक्ष्मणराव संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जाऊन काम करायचे. यंत्रं कशी चालतात, कशी खोलायची, कशी जोडायची हे त्यांनी तिथे हाताने काम करून शिकून घेतलं. यंत्रांविषयी मिळेल ते वाचायचे. त्यांनी इंजिनिअरिंगची पदवी कधी घेतली नाही. शाळेतही ते काही हुशार विद्यार्थी म्हणून गणले गेले नव्हते. त्यांचं इंजिनिअरिंगचं शिक्षण झालं ते या नोकरीच्या जागी, शिकवता शिकवता आणि रिकाम्या वेळात.

याच काळात मुंबईत त्यांनी एक माणूस सायकल चालवताना पाहिला. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण तेव्हा सायकल ही नवलाची वस्तू होती. डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं तेच मुळी १८८८ मध्ये. लक्ष्मणरावांच्या डोक्यात आलं की ही वस्तू आपण विकू शकतो. आणि १८८८ सालीच बेळगावात 'किर्लोस्कर ब्रदर्स' नावाचं सायकलचं दुकान सुरू झालं.

व्यवस्था अशी होती. लक्ष्मणराव मुंबईत नोकरी करत. तिथे सायकली खरेदी करून बेळगावला पाठवत. बेळगावात रामूअण्णा त्या विकत, दुरुस्त करत. एका सायकलची किंमत ७०० ते १००० रुपये! त्या काळचे बरं का. तेव्हा प्राथमिक शाळेच्या मास्तराला जो पगार होता त्यात ही किंमत जमवायला किती वर्षं लागली असती, हा हिशोब न केलेलाच बरा. बेळगाव लष्करी छावणीचं गाव असल्यामुळे पैसेवालं गिऱ्हाईक अगदीच नव्हतं असं नाही, पण ते मोजकंच असणार हे उघड आहे.

शिवाय सायकल विकत घेतली तरी ती चालवायची कशी? कुणालाच येत नव्हती. म्हणून सायकल शिकवायचंही काम या दुकानाने केलं आणि त्याचे १५ रुपये वेगळे घेतले. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. नवीन वस्तू विकायची तर आधी ती वापरायला शिकवावी लागते, हे त्यांनी ओळखलं. एक भाऊ मुंबईत यंत्राचं चित्र शिकवतोय, दुसरा बेळगावात सायकल शिकवतोय. दोघेही मास्तरच म्हणा ना!

मग नोकरी कधी सोडली? तर १८९७ च्या सुमारास. म्हणजे दुकान निघाल्यावर साधारण नऊ वर्षांनी. हा आकडा मी मुद्दाम सांगतेय. कारण ही गोष्ट सांगताना बरेच जण असं सांगतात की बढती मिळाली नाही, लक्ष्मणरावांचा स्वाभिमान दुखावला, त्यांनी तिथल्या तिथे राजीनामा फेकला आणि उद्योग सुरू केला. ऐकायला छान वाटतं. टाळ्याही मिळतात. पण क्रम उलटा आहे. उद्योग आधी सुरू झाला होता, राजीनामा नंतर आला.

अपमान झाला हे मात्र खरं. संस्थेत बढतीची जागा होती, त्या जागेवर लक्ष्मणरावांचा हक्क होता. पण ती त्यांना न देता एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. राज्य इंग्रजांचं. काम कितीही चांगलं केलं तरी आपण इथे ठरावीक पायरीच्या वर जाणार नाही, हे त्यांना स्पष्ट दिसलं. त्यांनी नोकरी कायमची सोडली आणि ते बेळगावला परतले. परतले ते मोकळ्या हातांनी नाही. बेळगावात दुकान चालू होतं, भाऊ गल्ल्यावर बसलेला होता, दुकानाच्या नावाची लोकांना ओळख झाली होती आणि स्वतःच्या हातात वर्कशॉपची विद्या होती.

आमच्या स्टाफरूममध्येही अधूनमधून विषय निघतो, नोकरी सोडून काहीतरी स्वतःचं करावं. कुणाला दूध डेअरी काढायची असते, कुणाला अकॅडमी, कुणाला झेरॉक्सचं दुकान. ऑनलाइन माहिती भरण्याचं काम जितकं जास्त तितका हा विषय रंगतो. लक्ष्मणरावांचं उदाहरणही कुणीतरी देतंच. तेव्हा मी त्या नऊ वर्षांची आठवण करून देते. मग जरा शांतता पसरते.

बेळगावला आल्यावर सगळं सुरळीत झालं असं नाही. सायकलींचा धंदा चालत होता, पण त्यात दुसऱ्याने बनवलेली वस्तू विकायची होती. लक्ष्मणरावांना स्वतः काहीतरी बनवायचं होतं. आणि बनवायचं कुणासाठी? आजूबाजूला सगळे शेतकरी. त्यामुळे शेतीची अवजारं बनवायचं ठरलं. छोट्याशा जागेत त्यांनी कडबा कापायचं यंत्र तयार केलं. ज्यांच्या घरी जनावरं आहेत त्यांना याचा उपयोग सांगायला नको. अख्खी ताटं टाकली तर जनावर पानं खातं आणि बुडखे तुडवून टाकतं. बारीक कुट्टी करून टाकली तर चारा वाया जात नाही.

त्यानंतर लोखंडी नांगर. आणि इथे खरी परीक्षा झाली.

आपला लाकडी नांगर जमीन उकरतो, फाडतो. लोखंडी नांगर मातीची ढेप उचलून पालथी करतो. त्यामुळे खालची माती वर येते, तणाच्या मुळ्या उघड्या पडून वाळतात, पाणी जास्त खोल मुरतं. हरळी आणि कुंदा माजलेल्या रानात हा फरक डोळ्यांनी दिसतो. इंग्लंड-अमेरिकेत लोखंडी नांगर तोपर्यंत चांगलाच रुळला होता. पण आपल्याकडच्या शेतकऱ्यांचा समज असा की लोखंडाने जमिनीत विष पसरतं, माती नासते. नांगर तयार होऊन पडला होता आणि घ्यायला कुणी तयार नव्हतं. पहिला लोखंडी नांगर विकला जायला दोन वर्षं लागली.

दोन वर्षं! आपण हे वाचताना पटकन पुढे जातो. पण थोडा वेळ थांबून विचार करा. पगाराची नोकरी सोडलेली. दर महिन्याला ठरावीक तारखेला येणारे पैसे बंद झालेले. लोखंड, कोळसा, मजुरी यांत पैसा अडकलेला. आणि तयार माल समोर पडून आहे. अशा वेळी माणूस लोकांना नावं ठेवतो, शेतकरी अडाणी आहेत म्हणतो. मला स्वतःला मात्र त्या शेतकऱ्यांचं फार चुकलं असं वाटत नाही. ज्याचं वर्षभराचं पोट त्या एका जमिनीवर आहे तो नव्या वस्तूसाठी ती जमीन पणाला लावताना दहादा विचार करणारच. शिवाय मोडला तर दुरुस्त कोण करणार? लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर नीट करून देत होता. लोखंडी नांगराचा फाळ झिजला तर काय करायचं? सायकलच्या वेळी जे झालं तेच इथे होतं, वस्तूबरोबर तिचं शिक्षणही द्यावं लागणार होतं. फक्त सायकल शिकणारा हौसेने यायचा, नांगर शिकणारा भीतीने लांब राहायचा.

हळूहळू नांगर शेतात चालताना लोकांनी पाहिला आणि मागणी सुरू झाली. तेवढ्यात दुसरं संकट. कारखाना ज्या भागात होता तिथे नवी वसाहत करायची असल्यामुळे बेळगाव नगरपालिकेने जागा सोडायला सांगितलं. म्हणजे वीसेक वर्षं ज्या गावात जम बसवला तिथूनच उठायची वेळ आली. लक्ष्मणराव तेव्हा चाळिशीत होते. या वयात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, तीही यंत्रं उचलून!

मदतीला आले औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे ते हेच. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. औंधचं प्रसिद्ध संग्रहालय त्यांनीच उभं केलं. त्यांनी लक्ष्मणरावांना आपल्या संस्थानात कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळ जागा दिली आणि दहा हजार रुपयांचं कर्जही उपलब्ध करून दिलं.

जागा किती? ३२ एकर. कशी? ओसाड माळ, निवडुंग माजलेला आणि साप जागोजागी. एवढीच जमेची बाजू की शेजारून रेल्वे जात होती. लोखंड आणायला आणि माल पाठवायला रेल्वे हवीच होती. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. जमशेदपूरला टाटांचा पोलाद कारखाना उभा राहत होता, तोच हा काळ. पण टाटांच्या मागे मोठं भांडवल होतं. इथे दोन भाऊ, मूठभर सोबती आणि निवडुंग.

कारखान्याबरोबर कामगारांसाठी नीटनेटकं गाव वसवायचं हे लक्ष्मणरावांचं स्वप्न होतं. इंग्लंडमध्ये साबण आणि चॉकलेटच्या कारखानदारांनी आपल्या कामगारांसाठी अशी गावं वसवली होती, त्यांची माहिती त्यांनी वाचली होती. गावाची आखणी आणि कारभार बघितला तो रामूअण्णांनी. पुन्हा रामूअण्णाच! शंभुराव जांभेकर यंत्रांचं काम बघत. मंगेशराव रेगे कारकुनी आणि हिशोब सांभाळत. अनंतराव फळणीकर शिक्षण अर्धवट सोडलेले, पण तिथे इंजिनिअर म्हणून तयार झाले. के. के. कुलकर्णी कुठल्याच चौकटीत न बसणारी सगळी कामं अंगावर घेत. या मंडळींकडे बघितलं तर मोठ्या पदव्यांचा कुणी दिसत नाही. गुणपत्रिका बघून माणसं घ्यायची ठरवली असती तर यातले निम्मे दारातूनच परत गेले असते, आणि पहिले लक्ष्मणराव स्वतः! दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या दोघांना त्यांनी राखणीचं काम दिलं, ही गोष्टही प्रसिद्ध आहे. माणसावर आधी विश्वास टाकायचा, ही त्यांची पद्धत. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही हा नियमही त्यांनी केला. १९१० च्या सुमारास हे करणं किती अवघड होतं ते आपल्या आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींवरून तुम्हाला कळेल.

पुढचा भाग भराभर सांगते, कारण तो बहुतेकांना माहीत असतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशातून येणारा माल आटला, कच्चं लोखंड आणि कोळसा मिळवताना दमछाक झाली, पण देशी नांगराला मागणीही वाढली. भुईमुगाच्या शेंगा फोडायचं यंत्र, उसाचा चरक, पाण्याचे पंप अशी एकेक वस्तू वाढत गेली. १९२० मध्ये 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' अशी कंपनी झाली. त्याच वर्षी कारखान्याचं माहितीपत्रक म्हणून 'किर्लोस्कर खबर' निघालं. पुतणे शंकरराव यांनी त्याचं पुढे मोठं मासिक केलं आणि 'स्त्री', 'मनोहर' ही मासिकंही त्याच घरातून आली. मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत इंजिनिअर होऊन १९२६ मध्ये परत आला. ज्याने स्वतः पदवी घेतली नव्हती त्याच्या मुलाने जगातल्या नामांकित संस्थेची पदवी घेतली. १९४८ च्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचंही नुकसान झालं आणि कारखाना परत उभा करावा लागला. तेव्हा लक्ष्मणराव ऐंशीच्या घरात होते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचं निधन झालं. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनचं नाव आता किर्लोस्करवाडी आहे. सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात ते येतं. मिरजेहून पुण्याकडे रेल्वेने येताना खिडकीतून पाटी दिसते आणि शेजारी कारखानाही दिसतो. तिथे आजही पंप तयार होतात.

शिक्षक मित्रांनो, हा पाठ वर्गात घेणार असाल तर एक उपक्रम सुचवते. गावात कुणाच्या गोठ्यामागे जुना लोखंडी नांगर पडलेला असतो. मालकाला विचारून मुलांना तो दाखवायला न्या. फाळ कुठे बसतो, झिजल्यावर तो वेगळा काढता येतो का, माती कुठल्या बाजूला पलटत असेल, हे त्यांना हात लावून बघू द्या. घरातल्या आजोबांना विचारून यायला सांगा की त्यांच्या शेतात लोखंडी नांगर पहिल्यांदा कधी आला आणि तेव्हा घरात काय बोलणं झालं. मग प्रत्येकाने कागदावर त्याच नांगराची तीन चित्रं काढायची, समोरून, बाजूने आणि वरून. मापं लिहायची. पट्टी आणि पेन्सिल एवढंच साहित्य लागतं. चौथीच्या पुढच्या मुलांना हे सहज जमतं, फक्त वरून दिसणारं चित्र काढताना थोडा वेळ जास्त द्या.